आधी किंचित घट्ट

वहिनीची गाडी धूर ओकत गॅरेजात शिरली तेव्हा मी शेजारच्या वेल्डरच्या गॉगलला आतून ग्रीस लावत होतो. त्या वेल्डरला आम्ही ठिणगी म्हणतो. पन्नाशी आली तरी माझी ही खोड गेलेली नाही, आणि जावी अशी माझी इच्छाही नाही.

"भाऊजी, दुपारी निघायचंय मला," वहिनी उतरता उतरता म्हणाली. "घराच्या किल्ल्या देऊन आलेय. आता लेकीकडेच राहणार. परत यायचं नाही."

बॉनेट उघडलं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेलाच होता, आतला पंखा बोटानं हलवला तर नुसती खुळखुळ. नवा आणून ठेवला होता. जुना काढायचा, नवा बसवायचा. मध्ये आडवे आले ते चार गंजके नट.

गाडी दादाची, माझ्या थोरल्या भावाची. पाना धरायला मला त्यानंच शिकवलं, इथेच. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. त्याची एक पद्धत होती. नट आवळला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते, लगेच कळतं. मी असले सोपस्कार कधी केले नाहीत. दादाला मात्र आपलं काही जागचं हललेलं खपायचं नाही. वहिनी माहेरी गेली तरी दुसऱ्या दिवशी हा दारात हजर.

पुढचं चाक काढलं, खालून हात घातला. पहिला नट तेल पाजून, शिव्या घालून, पान्याला पाइप लावून एकदाचा सुटला. कर्रर्र. दुसऱ्याकडे वळलो, तोही सुटला. घाम पुसून पहिला हातानं काढायला गेलो.

घट्ट.

"ठिणग्या!" मी ओरडलो. "मस्करी बास हं! कामाची घाई आहे."

तो गॉगल चोळत आला. "मस्करी मी करतो? डोळ्यांत ग्रीस कुणी घातलं माझ्या?"

"नट कुणी आवळला?"

"तूच आवळला असशील आणि वर मलाच विचारतोयस. ओळखत नाही का मी तुला!"

मीच लोकांना पन्नास वेळा असं छळलंय. ठिणगीला समोर स्टुलावर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले. पुन्हा दोन्ही नट सोडवले. तिसऱ्याला गॅसच्या ज्योतीनं लालबुंद केला, थंड होऊ दिला, पाना लावला. सुटला. आनंदानं पहिल्याकडे हात नेला.

घट्ट. दुसराही घट्ट.

ठिणगी स्टुलावरून हलला नव्हता. त्याचं तोंड मात्र उघडंच राहिलं.

"हे बघ," तो हळूच म्हणाला.

नटावर पिवळी रेघ होती. टर्बोपाशी लोखंड इतकं तापतं की रंग जळून जातो. सकाळी तिथे नुसता गंज होता. मी बोट लावलं. रंग बोटाला आला. ओला.

दादाची रंगाची बाटली फळीवर होती. झाकण उघडून पाहिलं. आत रंगाचा वाळका खडा.

मला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. वहिनी बाहेर सामानाच्या पिशव्यांपाशी उभी, घड्याळ बघतेय. रात्रीच्या आत घाट उतरायचाय तिला. आणि इथे हा खेळ!

मग आठवलं. अडलेल्या नटाशी दादा झटापट करायचा नाही. म्हणायचा, "आधी किंचित घट्ट कर, मग सैल. त्याला वाटू दे, तू त्याच्याच बाजूचा आहेस."

"केलंस ना घट्ट?" मी इंजिनात डोकं घालून किंचाळलो. "मग आता सैलही तूच कर की, दादा!"

ठिणगी उठून गेला.

मी पहिल्या नटाला बोट लावलं. तो फिरला. दुसरा, तिसरा आणि मी हातही न लावलेला चौथा. बाटलीच्या झाकणासारखे निघाले.

पुढचं काम झरझर झालं. नवा टर्बो बसला, चाक चढवलं, चाकाचे नट मीच, स्वतःच्या वजनानं आवळले. एक चक्कर मारून आलो. धूर नाही, आवाज नाही. वहिनीनं चष्मा काढायला पर्स उघडली आणि किंचाळली. आत रबरी पाल होती.

"मी नाही, शपथ!" मी म्हणालो.

"आता तरी सुखाचे दिवस जातील माझे," ती हसत म्हणाली आणि निघाली.

ऊन उतरलं होतं. हत्यारं आवरताना पायाला काहीतरी लागलं. गाडी उभी होती तिथे, चाकाच्या जागी, जमिनीवर नट पडले होते. सगळे. शेजारी शेजारी नीट मांडलेले. प्रत्येकावर पिवळी रेघ, काठाशी तुटलेली.

उचलले. गरम होते.

फोन लावला.

"वहिनी, गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता! चाकाचे नट इथे पडलेत."

ती खो खो हसली. "पालीनंतर आता हे का?"

"चेष्टा नाही गं, शपथ!"

"पालीच्या वेळीही शपथच घेतली होतीत. ठेवते, घाट लागलाय."

"वहिनी!"

"तो सीटबेल्ट तेवढा बघायला हवा होता, भाऊजी. मघापासून नुसता आवळत होता, श्वास घेता येईना."

फोनमध्ये पट्टा सरकल्याचा आवाज आला.

"हां. आता सैल झाला बघा. आपोआप."