गोगलगायींचं अपहरण

"आत्या, माझ्या गोगलगायी कुणीतरी पळवल्या."

फोनवरचं हे वाक्य आत्यानं चहाचा घोट न थांबवता ऐकलं. परीक्षेच्या वर्गांवर पहारा देण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. पोरांच्या मोज्यांतून तिनं सबंध भूगोल बाहेर काढला होता. तिला सहसा धक्का बसत नसे.

"आपल्या आपण गेल्या असतील, ठमे."

"रोजच जातात. पण सकाळी परत येतात. तोच तर माझा पेपर आहे."

ठमी जीवशास्त्रात संशोधन करत होती. गोगलगाय लांब नेऊन सोडली तरी ती आपल्या घरी परतते, असं तिचं म्हणणं. पाठीवर पांढरे ठिपके दिलेल्या तिच्या गोगलगायी प्रयोगशाळेमागच्या पालथ्या कुंडीत राहत. तिच्या सरांची सगळी कीर्ती मात्र उलट सिद्धांतावर उभी होती: गोगलगाय वाट फुटेल तिकडे जाते. उद्या समितीपुढे प्रात्यक्षिक होतं. ते फसलं तर ठमीला विषय बदलावा लागणार होता. म्हणजे तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

आत्या पोहोचली. कुंडी रिकामी होती. तिनं माळ्यापासून सुरुवात केली.

"गोगलगायींशी वैर आहे म्हणे तुमचं?"

"वैर कसलं, बाई? दिसली की चपलेखाली घेतो. झेंडूला अजून कळीसुद्धा नाही आणि पानांची पार चाळण केलीय."

"ठिपकेवाली असली तरी?"

"ठिपके बघायला वाकावं लागतं. माझी कंबर धरते."

मग ठमीच्या शेजारच्या टेबलावरचा ढापण्या. चष्मा जाड, स्वभाव पातळ.

"तिचा पेपर अडला तर शिष्यवृत्ती तुला?"

"हो. पण आत्या, त्या परत येतात हे मी स्वतः मोजून पाहिलंय. मला पळवायच्या असत्या तर नदीपलीकडे नेऊन सोडल्या असत्या."

"बराच विचार केलेला दिसतोय."

"थोडासा," ढापण्या प्रामाणिकपणे म्हणाला.

सरांची खोली तळमजल्यावर होती, खिडकी बागेकडे. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून सर डब्यातलं गाजर खात संशोधन करत.

"कुठे गेल्या असतील हो, सर?"

"त्यांना दिशाच नसते, बाई. मी हिला केव्हापासून सांगतोय, विषय बदल."

"नाही बदलणार," ठमी म्हणाली.

"प्राणीच नाहीत, तर दाखवणार काय?"

"रिकामी कुंडी घेऊन उभी राहीन. पण म्हणणं मागे घेणार नाही."

सरांनी गाजराचा कडकन तुकडा मोडला. चर्चा संपली असा त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीसमोर ठमीनं खरोखरच ती कुंडी उचलली. खाली सगळ्या ठिपकेवाल्या गाढ झोपल्या होत्या.

"ज्यानं नेल्या त्यानं घाबरून आणून ठेवल्या असतील," सर घाईनं म्हणाले.

ठमी खाली वाकली. "यांची शी नारिंगी झालीय. जे खातात त्याचा रंग तसाच बाहेर पडतो."

"झेंडू?" ढापण्यानं विचारलं.

"झेंडूला अजून कळी नाही," आत्या म्हणाली. "समितीची हरकत नसेल तर मी जरा बोलते. माळीदादांनी नेल्या असत्या तर परत यायला काही उरलं नसतं. ढापण्यानं नेल्या असत्या तर नदी आडवी आली असती. चोराला दोन गोष्टी लागू होतात. एक, त्याच्यानं गोगलगाय मारवत नाही. त्यानं त्यांना हवा मिळावी म्हणून बरणीचं झाकण सैल ठेवलं आणि स्वतःच्या डब्यातलं गाजर घातलं. दोन, त्या परत येतात यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. नाहीतर इतक्या जवळ, उघड्या खिडकीत कोण ठेवेल?"

तिनं बोट दाखवलं. सरांच्या खिडकीतल्या बरणीपासून भिंतीवरून उतरलेल्या चंदेरी रेघा पायवाट ओलांडून थेट कुंडीपाशी आल्या होत्या.

"उचलून आणलेल्या गोगलगायीची रेघ उमटत नाही, सर."

"त्या आपण होऊन माझ्या खिडकीत आल्या असतील. भटकत."

"आणि एका रात्रीत सगळ्या मिळून आपल्याच कुंडीत परतल्या? मग तुम्ही चोर नाही, पण सिद्धांत गेला. चोर असलात तर सिद्धांत आणि अब्रू, दोन्ही गेलं. बघा, कसं सोयीचं पडतंय."

"उपाशी नाही ठेवलं मी त्यांना," सर शेवटी म्हणाले.

"ते दिसतंच आहे," आत्या कुंडीखाली बघत म्हणाली.

"ठमे, पेपर पुढे पाठव. मी सही करतो. हे तेवढं लिहू नकोस."

"लिहिणार. गोगलगायी सोडल्याची जागा: सरांची खिडकी. माझ्या सगळ्या प्रयोगांत हा एकच असा, ज्याला माझा हात लागलेला नाही."

समितीच्या अध्यक्षबाईंनी घसा खाकरला. "एकदा घडलं म्हणून आम्ही मान्य करत नाही. प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे."

ठमीनं एक झोपलेली गोगलगाय अलगद उचलून सरांच्या तळहातावर ठेवली.

"सर, आज पुन्हा चोराल?"