वरून की खालून?

"थांबा! हलू नका!"

ती ओरडली आणि कोपऱ्यावरून येणारा तो जागच्या जागी खिळला. एक पाय पुढे, एक मागे, हातात बर्फाची बादली. तिच्या हातातल्या स्टँडमध्ये सहा लांबट नळ्या होत्या आणि नळ्यांत साखरेचं पाणी होतं, तळाशी दाट, वर जाता जाता पातळ. ते थर चढवण्यात तिची अख्खी सकाळ गेली होती. एक धक्का, की सगळ्याचं सरबत.

"श्वास घेतला तर चालेल?" ओठ न हलवता त्याने विचारलं.

"हळू घ्या."

त्याने खरोखरच हळू घेतला. मग तिच्यापुढे चालत, एकेक दार उघडून धरत, तिला यंत्राच्या खोलीपर्यंत सोडून आला. सेंट्रीफ्यूज, म्हणजे नमुने गरागरा फिरवणारी यंत्रं सांभाळायला तो नुकताच इथे लागला होता. आठवडाभरात सगळी प्रयोगशाळा त्याला फिरकी म्हणायला लागली. अर्धं यंत्रांमुळे, अर्धं तो येता-जाता सगळ्यांची घ्यायचा म्हणून.

"एवढ्या साखरेत बुडवता तरी काय?" त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"पेशींचा अर्क. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम..."

"तेवढं येतं हो मला."

"बरं, मग हे ऐका. त्या यंत्रांचे बरेचसे भाग स्वतःच प्रथिनं असतात. म्हणजे यंत्र बनवायला आधी यंत्र हवं! त्या भागांचे निरोप आरएनएवर लिहिलेले असतात. माझं एक प्रथिन आहे, ते नेमके तेच निरोप पकडतं आणि कामाला लावतं. मी त्याला मुकादम म्हणते."

"आणि मुकादम रजेवर गेला तर?"

"निरोप नुसते पडून राहतात. नवी यंत्रं बनत नाहीत आणि हळूहळू सगळ्या पेशीचंच काम थंडावतं. म्हणजे... असं माझं म्हणणं आहे. तीन वर्षांपासून."

"ते साखरेवरून कसं कळणार?"

"ज्या निरोपावर खूप यंत्रं चढलीत, तो जड. फिरवला की तळाकडे जातो. रिकामा निरोप वरच राहतो."

"कामाचे खाली आणि रिकामटेकडे वर," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "अगदी ऑफिससारखंच."

ती इतकी हसली की चष्मा पुसावा लागला. त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी 'साखरबाई' झाली. यंत्राच्या वहीत तिची वेळ तिने न लिहिताच लिहिलेली असायची. ती चहाला उठली की त्यालाही नेमकी तेव्हाच तहान लागायची... आणि समोरासमोर बसून दोघंही कपातच बघायचे.

दोन महिन्यांनी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिला चार दिवस घरी जावं लागणार होतं, शेवटचा प्रयोग तर ऐन रंगात. त्यात फिरवलेल्या नळीतला अर्क थराथराने वेगळा करणारं मशीन बंद पडलेलं. ते काम हातानेच करायचं होतं.

"माझ्यावर सोडा," तो म्हणाला.

"प्रत्येकीचे बारा भाग, बारा छोट्या नळ्यांत. क्रमाने हं!"

"क्रमाने. बारापर्यंत मोजता येतं मला, साखरबाई. जा तुम्ही, आईंकडे बघा."

आईचे डोळे छान झाले. परत येऊन तिने प्रत्येक नळीतले निरोप मोजले, आलेख काढला आणि सगळे आकडे पुन्हा एकदा तपासले. मुकादम असलेल्या पेशींत निरोप रिकामे पडले होते. मुकादम काढून टाकलेल्या पेशींत ते यंत्रांनी लगडलेले होते. सगळं बरोब्बर उलटं.

शुक्रवारी वार्षिक आढावा होता. त्याआधी तिच्या गाइड मॅडमनी आलेख शांतपणे पाहिला. "उलटं आलं तर उलटं सांगायचं," त्या म्हणाल्या. "जे आहे ते मांड. मग तुझ्यासाठी दुसरा विषय बघू."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. गुरुवारी दुपारी तिने स्लाइडवर लिहिलं, 'माझा अंदाज चुकला', आणि त्या तीन शब्दांकडे बघत बसली.

तेवढ्यात तो आला. केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. काही बोलणार, इतक्यात त्याची नजर आलेखावर गेली... आणि तिथेच राहिली. कान हळूहळू लाल झाले.

"मला तुम्हाला... एक सांगायचंय."

आत्ता? असल्या दिवशी? तरी तिचा हात केसांकडे गेलाच.

"सांगा ना."

"राग येईल तुम्हाला."

"सांगून तर बघा."

"मी... खालून भरल्या."

"काय?"

"नळ्या. आमच्या जुन्या लॅबमध्ये तळाला सुई टोचून थेंबथेंब काढायचे. एक नंबर म्हणजे तळाचा. तुम्ही वरून काढता, हे आत्ता हा आलेख बघून माझ्या—"

"तू नळ्या खालून भरल्यास?"

शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. ती मात्र फ्रीजरकडे धावली होती. नुसत्या कुणाच्या शब्दावर निष्कर्ष फिरवणारी ती नव्हती. पहिल्या आणि बाराव्या नळीतलं उरलेलं द्रव वितळवलं, दोन्हींतलं सारखंच मापून घेतलं आणि वजन केलं. दाट साखर खाली, म्हणजे तळाचा भाग, तिच्या हिशेबाने बारावा, जड यायला हवा.

बारावी हलकी होती, जवळजवळ पाण्याइतकी. पहिली चांगलीच जड. तिने तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

ती स्टुलावर मटकन बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा खांदे खाली आले.

"माझा मुकादम कामाचा आहे," ती म्हणाली आणि चक्क रडायला लागली.

"मॅडमना मी सांगतो. चूक माझी आहे."

"अर्धी माझी. 'क्रमाने' म्हणाले, कुठून ते सांगितलंच नाही." तिने नाक पुसलं. "आणि मला मेलीला वाटलं, तुम्ही दुसरंच काहीतरी सांगणार आहात."

"मघाशी 'तू' म्हणालीस."

"रागात निघालं."

"राहू दे ना मग. राग गेला तरी." तो थांबला. "आणि... दुसरंच सांगायला आलो होतो. आलेख दिसला आणि विषय बदलला."

"आता कुठे आहे आलेख?"

तिने लॅपटॉप मिटला होता.

मग त्याने सांगितलं. दोन शब्द चुकले, मध्येच ठसका लागला, आणि एक वाक्य तर अर्ध्यावरच राहिलं. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "हो." आणि वर, "मलाही. पहिल्या दिवसापासून, त्या श्वासापासून."

स्लाइडवरचे तीन शब्द तिने पुसले. पण चुकीचं लेबल फ्रीजरमध्ये ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. नळ्या बहात्तर होत्या. तिने दुसरं स्टूल ओढलं. ती जुने आकडे वाचायची, तो नवे लिहायचा, दोघांचेही कोपर एकमेकांना लागत होते. अर्ध्या तासाचं काम. दोन तास पुरलं.