तळहातावरची रम

लॅबचं दार ढकललं, तर समोर एक अनोळखी तरुण दोन्ही तळहात नाकाशी धरून, डोळे मिटून उभा! मला वाटलं, रडतोय.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"ऑस्ट्रेलिया..." डोळे न उघडताच तो म्हणाला.

हा नेसरीचा पृथ्वीराज, आमच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतला नवा केमिस्ट. त्याच्या भावानं ऑस्ट्रेलियाहून रमची बाटली पाठवली होती. आमची रम टाकीतून थेट बाटलीत जायची. ही मात्र कैक वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. त्यानं दोन थेंब हातावर चोळले आणि तळहात माझ्यापुढे धरले.

"या की. पर घाई न्हाय करायची. पयला झणका उडून जाऊ दे."

मी वाकले. आधी नाकात झिणझिण्या... मग गूळ, मनुका... आणि हळूच काहीतरी करपट, गोड.

"गुऱ्हाळ," मी म्हणाले. "काहिलीचा तळ खरवडताना येतो ना, तो वास."

"आयला! दोन दिस मला सापडंना ते." माझ्या कोटावरचं नाव वाचत तो म्हणाला, "क्रांती मॅडम, आता चव बघा."

"न्हाय. पंचशील घेतलंय मी."

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. "मग चव मी सांगतो, वास तुम्ही सांगा," म्हणाला.

त्यानंतर दर शनिवारी चमचाभर रम, त्यात थोडं पाणी. तो जिभेवर घोळवायचा. "आधी मध... मग मिरं... आणि शेवटाला सुपारीगत कोरडं." त्याच्या ओठांकडे बघायचं नाही असं मी घरून ठरवून यायची, आणि बघायची! बाटली उतरत गेली तशी माझी भीती चढत गेली. तो मराठ्यांचा, मी बौद्धांची. त्यात दारूचा वास येणाऱ्या माणसाला आबा, म्हणजे माझे वडील, उंबऱ्याच्या आत घेत नसत. मला ही नोकरीसुद्धा त्यांनी 'थेंब चाखायचा नाही' या अटीवर करू दिली होती.

"रविवारी येतो. आबांस्नी विचारतो," एक दिवस तो म्हणाला.

"नको! आणि तुमच्या घरचं काय?"

"आण्णांस्नी, म्हंजे वडलांस्नी, सांगितलंय. तवापासनं बोलत न्हाईत. पर सांगितलंय."

रविवारी सकाळी तो मंगळवार पेठेत आमच्या दारात उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस आणि... तोच वास! धीर यावा म्हणून पठ्ठ्यानं निघताना दोन थेंब तळहाताला चोळले होते. आबांना दारूचा वास चालत नाही, हे त्याला सांगायचंच मी विसरले होते. "क्रांती मॅडमना मागणी घालाय आलोय," तो आबांना म्हणाला.

"हात बघू," आबा म्हणाले. त्यांनी वास घेतला. "प्यालायस?"

"न्हाय. चोळलीया नुस्ती."

आबांनी त्याचा हात सोडला. "वंदनेची वेळ झालीया. बस."

बुद्धांच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावून आबा एकेक शील मराठीत सांगत होते, तो मागोमाग म्हणत होता. चौथं, खोटं बोलणार नाही, हे त्यानं खणखणीत म्हटलं. पाचवं आलं. मद्य घेणार नाही... तो गप्प. आबांनी पुन्हा म्हटलं. तरी गप्प. म्हण ना रे, म्हणून टाक! मी मनातल्या मनात हात जोडले.

"मी चाखतो, आबा," तो मान खाली घालून म्हणाला. "कामच हाय माजं. उद्या परत चाखणार. मग बुद्धांपुढं कसं म्हणू?"

संपलं, असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं.

"माजा धाकटा भाऊ रोज पाचवं म्हणायचा," आबा सावकाश बोलले. "रोज. आन् रोज पिऊन यायचा. त्यातच गेला." त्यांनी उदबत्ती नीट खोचली. "तू चौथं म्हटलंस आन् लगेच पाळलंस. मला काय इचारतोस? पोरीला इचार."

तो माझ्याकडे वळला. त्यानं दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले.

भीती गेली, असं खोटं कशाला सांगू? त्याचे आण्णा होते, गाव होतं, भावकी होती. तरीही मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "व्हय."