डाळिंबी, पोपटी, मोरपंखी

"हिरवं बटण कुठलं हो?" माझ्या खांद्यावरून वाकून कुणीतरी विचारलं.

मी दचकलेच! विद्यापीठात मुलांना अभ्यासाची अ‍ॅप बनवायला मदत करणं हे माझं काम. पडद्यावर बरोबर उत्तराचं बटण हिरवं, चुकलेल्याचं लाल... आणि हा कोण टिकोजी?

"डोळे घरी विसरून आलात का?"

"आणलेत की. पण त्यांना लाल-हिरवं सारखंच दिसतं." तो हसला. "तुमची अ‍ॅप तपासायला आलोय. तीन आठवड्यांसाठी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गाल नुसते तापले!

रोज तो मुलांना एकच बजावायचा — "नुसत्या रंगावर सोडू नका, शब्दांत लिहा." तो शेजारी येऊन बसला की मी लाजेनं लालबुंद. आणि हा शांतपणे विचारणार, "हे पान उघडत का नाहीये?" दगड मेला!

त्यात ती चिमणी. चित्रकलेची विद्यार्थिनी, सगळे तिला चिमणीच म्हणत. रोज सकाळी हा खिशातून छोटी डायरी काढून थेट तिच्याकडे! दोघं माझ्याकडे बघणार, ती कानात कुजबुजणार, हा लिहून घेणार. मग खुसुखुसु हसणं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एवढं काय ते गुपित? आणि मी काय एवढी हसण्यासारखी दिसते?

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनच्या गाडीनं तो कायमचा जाणार होता. आणि सकाळी पुन्हा तेच... डायरी आणि चिमणी!

"काय गं चिमणे, काम झालं का? की आजही नुसती चिवचिव?"

"माझ्यावर का डाफरताय, ताई? यांनाच विचारा!" तिनं डायरी हिसकावून माझ्या हातात कोंबली आणि धूम ठोकली.

मी पान उघडलं. 'सोमवार — डाळिंबी. मंगळवार — पोपटी, बाह्या पांढऱ्या. बुधवार — पुन्हा डाळिंबी, आवडता असावा.'

माझे कपडे! तीन आठवड्यांचे. आजची ओळ तेवढी कोरी होती.

"रंग मला दिसत नाहीत ना..." तो खाली बघत म्हणाला. "पण माहीत असावेत, असं वाटायचं. रागावलात? तुमच्या चेहऱ्यावरून मला काही कळतच नाही..."

कसं कळणार? तीन आठवडे मी सगळं गालांवर सोडून मोकळी झाले होते!

मी डायरी त्याच्यापुढे सरकवली. "लिहा. स्वेटर — मोरपंखी."

त्यानं लिहिलं.

"गाल — लाल."

पेन थांबलं. त्यानं मान वर केली. "कधीपासून... गं?"

"पहिल्या दिवसापासून. आता बघत काय बसलायस? शब्दांत लिही!"

तीनची गाडी त्याच्याविनाच गेली.