काशीरामचं गॅसचं इंजेक्शन

"मॅडम, सात नंबरच्या नळीतून काळं येतंय!"

नर्स कल्पिताची हाक ऐकून मेट्रन मंजुळाबाई आयसीयूत धावल्या. सात नंबरला काशीराम गावडे होता, न्यूमोनियाने पाच दिवस व्हेंटिलेटरवर. त्याच्या नाकातल्या नळीतून कॉफीच्या चोथ्यासारखं रक्त पिशवीत उतरत होतं.

दुपारपर्यंत रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, पोटात दुर्बीण घालून झाली. जुना अल्सर नव्हता, पण जठरभर ताज्या, बारीक जखमा. अत्यवस्थ माणूस दोन दिवसांहून जास्त व्हेंटिलेटरवर राहिला की शरीरावरच्या ताणाने पोटाला अशा जखमा होऊ शकतात. त्या टाळायला रोज सकाळी आठला आम्ल कमी करणारं एक इंजेक्शन द्यायचं असतं. मरोळच्या त्या तीस खाटांच्या हॉस्पिटलात आयाबायांनाही हे ठाऊक होतं.

आणि काशीरामच्या औषधांच्या कागदावर त्या इंजेक्शनपुढे बारा आणि तेरा तारखेच्या चौकोनांत 'क' अशी सही होती. चौदा, पंधरा, सोळा कोरे.

'क' म्हणजे कल्पिता. वेसाव्याची कोळ्यांची पोर, चार वर्षांची नोकरी, आठवडाभर सकाळची ड्यूटी.

"झोपा काढतात या पोरी!" आयसीयूचे प्रमुख डॉ. शरच्चंद्र कडाडले. "हिचं नाव काय ते... जे असेल ते. पाच वाजेपर्यंत पत्र काढा. नर्सिंग कौन्सिललाही कळवा. परत कुठे इंजेक्शनला हात लावता कामा नये."

चार वर्षं रोज समोर उभी राहणारी मुलगी, आणि हिचं नाव काय ते! मंजुळाबाईंच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. हे गृहस्थ दिवसातून एकदा दर्शन देणार, उरलेला वेळ फोनवरून, उंटावरून शेळ्या हाकणार, आणि शेळी खड्ड्यात पडली की नर्सचं नाक कापणार.

कल्पिता स्टोअररूममध्ये रडत बसली होती. शेजारी आयसीयूचे निवासी डॉक्टर मिहिर पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

"माफी मागून टाक गं. मी सरांशी बोलतो," ते गोड आवाजात म्हणाले आणि निघून गेले.

"रडणं पुरे," मंजुळाबाई म्हणाल्या. "इंजेक्शन का नाही दिलंस?"

"आईशप्पथ मॅडम, त्यावर रेघ मारलेली होती. चौदा तारखेला ड्यूटीवर आले तेव्हाच. बंद केलंय म्हणून नाही दिलं."

"कागदावर रेघ नाही."

"तेच कळत नाही ना!"

"रेघ कोणाची, विचारलं नाहीस?"

"कोणाला विचारू? सरांना विचारलं की म्हणतात, तू डॉक्टर आहेस का?"

बाहेर बाकड्यावर काशीरामची बायको नलिनी बसली होती. मूळची कणकवलीकडची, बोलणं अजून तिथलंच.

"पयल्या दिवशी त्या मिहिर डॉक्टरान सांगल्यान, गॅसाचा इंजेक्शन देतंव, पोटाक काय व्हवचा नाय. मगे ह्या काय झाला ओ?"

"तेव्हापासून याच खाटेवर आहेत?"

"नाय गे बाये. पयले दोन दिवस खिडकीकडे चार नंबराक. एसी गळाक लागलो, म्हणान हयसर हाडल्यानी."

मंजुळाबाई पुन्हा काशीरामपाशी आल्या. डॉ. शरच्चंद्र त्याचं काळंनिळं मनगट बघून करवादत होते.

"टोचून टोचून काय दशा केलीय! तेरा तारखेलाच मिहिरला फोनवर सांगितलं होतं, आता गॅस बंद करा. ऐकतो कोण!"

मंजुळाबाईंनी फाइल उघडली. मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्ताच्या तपासण्या पाचही दिवसांच्या होत्या. मग त्यांनी प्रत्येक पानाचा वरचा कोपरा बघितला आणि फाइल काखोटीला मारून त्या सरांच्या केबिनकडे निघाल्या.

पाचला दहा मिनिटं होती. केबिनमध्ये सर, मिहिर आणि डोळे सुजलेली कल्पिता.

"डॉक्टर मिहिर, हा औषधांचा कागद कधीचा?"

"बारा तारखेचा. दाखल केलं तेव्हा मीच लिहिला."

"नंतर बदलला नाही?"

"छे! कशाला?"

"मग बारा तारखेलाच तुम्हाला स्वप्न पडलं का हो, एसी गळणार म्हणून?" त्यांनी कागद टेबलावर आपटला. "वर काय लिहिलंय? बेड सात. काशीराम सातवर आला चौदाला. बारा-तेराच्या बाकी सगळ्या पानांवर चार खोडून सात केलंय. हे एकच पान सोवळ्यातलं! आजच लिहिलंय हे."

मंजुळाबाई सरांकडे वळल्या.

"सर, तुम्ही गॅस बंद करा म्हणालात. तुमचा गॅस म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी. पण इथे पोटाच्या त्या इंजेक्शनलाही सगळे गॅसचं इंजेक्शनच म्हणतात. यांनीही काशीरामच्या बायकोला तेच सांगितलं होतं. यांनी फोन ठेवला आणि इंजेक्शनवर रेघ मारली. तपासणी मात्र चालूच. आज रक्त दिसलं, चूक उमगली. मग रेघेचा कागद गायब, नवा कागद हजर. पहिल्या दोन दिवसांपुढे 'क' गिरवलं. एका अक्षराची सही, कितीसा वेळ लागतो?"

"मॅडम, माझं करिअर..." मिहिर म्हणाले. "सहा वर्षं घासलीत मी."

"आणि हिने काय, चिंचोके खेळले? चूक झाली, ती माफ केली असती मी. उलटसुलट बोलणं ऐकून कोणाचंही चुकतं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी? वर तिला पाणी पाजता, माफी माग म्हणता? शी! तुमच्यापेक्षा ती पिशवीतली घाण बरी, निदान काय बिघडलंय ते खरं सांगते."

मिहिरने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. फाडायचंही धैर्य झालं नव्हतं त्यांना. इंजेक्शनच्या नावावर निळी, आडवी रेघ होती.

डॉ. शरच्चंद्रांनी घसा खाकरला. "मंजुळाबाई, मी तर स्पष्ट गॅस म्हटलं होतं..."

"तुम्ही तर बोलूच नका, सर. ती रेघ बघून ही पोर विचारायला घाबरली, ती तुमच्यामुळे. तीन सकाळी काशीरामच्या पोटाने त्याची किंमत मोजलीय. कौन्सिलला कळवायचंय ना? मीच कळवते. सगळं."

पाच वाजले. पत्र निघालं, ते मिहिरच्या निलंबनाचं.

आठवड्याने काशीरामचं व्हेंटिलेटर निघालं. नलिनी त्याला चमच्याने पेज भरवत होती. डॉ. शरच्चंद्रांचा राउंड सात नंबरपाशी आला आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "याचा गॅस बंद करा."

कल्पिताने लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं.

"कुठला गॅस, सर?"

मंजुळाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"रक्ताची तपासणी बंद," सर म्हणाले. "पोटाचं इंजेक्शन चालू ठेवा. आणा, लिहून देतो... कल्पिता सिस्टर."