दोन काचांमधली उशी

ओताकारकाकांनी बिअरचा मग बाजूला सारला. बाहेर चेक देशातल्या तेल्च गावच्या चौकात कमानींखालचे दिवे लागले होते.

"हसू नका रे. आपल्या बोहुमीलच्या, म्हणजे बोहुशच्या, घरात घडलंय हे. ते चौकातलं रेनेसाँच्या काळातलं घर. साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते."

त्या ऑक्टोबरात बोहुमीलच्या दुहेरी खिडक्या दुरुस्त होऊन आल्या. थंडीत वारा अडवायला दोन काचांमधल्या फटीत लांबट उशी ठेवतात. ती यार्मिलानं, त्याच्या बायकोनं, स्वतः शिवलेली, निळ्या चौकटींची. बोहुमील खिडकीशी पाइप ओढायचा आणि खिडकी उघडी टाकूनच झोपायचा. मग ती करवादत उठायची, "खोकशील आणि मलाच जागवशील!" खिडकी लावायची, उशी दाबून बसवायची.

रंग सुकेपर्यंत खिडक्या उघडू नका, असं कारागीर बजावून गेले. त्याच आठवड्यात यार्मिला गेली.

माणूस गेलं की आमच्याकडे खिडकी उघडतात, जीव मोकळा व्हावा म्हणून. शेजारची व्लास्ता धावत आली.

"बोहुश, खिडकी उघड! जाऊ दे तिला!"

"रंग ओला आहे."

"बायको गेली आणि तुला रंग सुचतोय? दगड आहेस का?"

रंग केव्हाच सुकला होता. त्यानं बोटानं दाबून पाहिलं होतं. पण खिडकी उघडली की ती खरंच जाणार, आणि तेच त्याच्या जिवावर आलं होतं. दुरुस्तीमुळे कपाटात ठेवलेली तीच निळी उशी काढून त्यानं शवपेटीत तिच्या डोक्याखाली ठेवली. पेटी पुरताना व्लास्ताही तिथंच होती.

त्या रात्रीपासून काचेवर टकटक सुरू झाली. आतून.

आधी बिचारा खूश झाला. दोन कप मांडायचा. "आलीस?" म्हणायचा. पण टकटक थांबेना. दिवसेंदिवस ती केविलवाणी होत गेली.

दोन नोव्हेंबर. मेलेल्यांचा दिवस. तिच्या थडग्यावर दिवा लावून तो घरी आला. अंधारात बसला. टकटक... मग नखं घासल्याचा आवाज... मग काहीच नाही.

"यार्मिला?"

आपण तिला कोंडून ठेवलंय, हे तेव्हा कुठं त्याला कळलं. तो ढसाढसा रडला. उठला. आतली काच उघडली. बाहेरची उघडली. गारठा आत घुसला.

"जा गं... जा आता."

गालाला काहीतरी लागून गेलं. मग शांत. त्या घरात इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं. खिडकी तशीच सताड टाकून तो खुर्चीत रडत रडत झोपला.

काकांनी बिअरचा मग पुन्हा जवळ ओढला.

"मग?" टेबलाशी ऐकत बसलेल्या श्टेपांकानं हळूच विचारलं.

"सकाळी व्लास्ता दूध घेऊन आली. खोली उबदार. दोन्ही काचा लावलेल्या, कड्या आतून. बोहुश खिडकीसमोर उभा, बोट काचेकडे. तिनं जवळ जाऊन पाहिलं... काचांच्या मध्ये, नीट दाबून बसवलेली... निळ्या चौकटींची उशी."