वॉशर नवीन टाकलाय

पृथ्वीराजच्या जीपचं दुखणं साधंच होतं. रात्रभर उभी राहिली की सकाळी लागायची नाही. पंचवीस वर्षांची जुनी डिझेल जीप. सुट्टीत माळरानं, ओढेनाले तुडवायचे म्हणून त्याने आणि बहीण ऋतुजाने हौसेने घेतलेली. सोलापुरात भवानी पेठेतल्या आप्पांच्या गॅरेजमध्ये ती दोघं पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आप्पांनी बॅटरी बघितली, सेल्फ मारून कान दिला, हीटर प्लगची तार चाचपली. शेवटी टाकीकडून पंपाला येणाऱ्या नळीच्या बोल्टावर बोट ठेवलं.

"हितनं हवा घेतीया. रातभरात डिझेल मागं टाकीत उतरतंय. बोल्टाचे तांब्याचे वॉशर पार बसलेत. उद्या शुक्रवार पेठेतनं नवीन आणा, मग खोलू."

"तेच गरम करून बसवा की आप्पा," पृथ्वीराज म्हणाला. "सगळेच तर करतात. अर्ध्या तासाचं काम."

"जुना वॉशर मी लावत न्हाय. आन् अंधार पडल्यावर हवा काढत न्हाय."

"हवा काढायला मुहूर्त लागतो?" ऋतुजा हसली.

आप्पा हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. "माझ्या वळखीचा एक मिस्त्री व्हता, धोंडिराम. त्याचं सांगतो. ऐका आन् मग हसा," म्हणाले. आणि सांगायला लागले ते असं.

धोंडिरामचा हात चांगला होता, जीभ मात्र हाताच्या चार पावलं पुढे. गिऱ्हाईकाने तोंड उघडायच्या आत "झालं समजा" म्हणून मोकळा व्हायचा. दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातून सिद्धाराम नावाचा माणूस त्याच्याकडे जीप घेऊन आला. दुखणं हेच, आत्ता तुमच्या जीपचं आहे ते. सिद्धारामच्या घरी म्हातारी आई, मल्लव्वा. तिला दमा.

"अव्वाला रातीबेराती सोलापूरला न्यायला लागतंय मिस्त्री. गावात दुसरी गाडी न्हाय. माझं बाकी काय म्हननं न्हाय, फकस्त सेल्फ मारला की लागली पायजे."

धोंडिरामने बोल्ट खोलला. वॉशर पातळ पत्र्यासारखे झाले होते. तांबं तापवून लाल केलं आणि पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ पडतं, एखाद्या वेळी चालून जातं. पण हे वॉशर आधीच कुणीतरी दोनदा भाजलेले होते, हे त्याला दिसत होतं. त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या मेहुण्याचा साखरपुडा होता. बायको केसरबाईचे दोन फोन येऊन गेले होते. शुक्रवार पेठेत जाऊन यायचं म्हणजे तासाचा खोळंबा. त्याने पक्कडीत धरून वॉशर गॅसवर लाल केले, विझवले, बसवले. हवा कशी काढायची तेही सिद्धारामला शिकवलं. एकाने इंजिनवरचा छोटा हातपंप दाबायचा, दुसऱ्याने फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे बघायचे, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. आणि त्याला निरोप देताना बोलला, "वॉशर नवीन टाकलाय. बिनघोर जा."

काही गरज होती का हे बोलायची? नव्हती. तरी बोलला.

बाराव्या दिवशी रात्री दोन वाजता धोंडिरामचा फोन वाजला. त्याने नाव वाचलं, सिद्धाराम मंद्रे. डोक्यात वॉशरच आला, दुसरं काही नाही. फोन पालथा घालून तो कुशीवर वळला. तीनदा वाजून फोन गप्प झाला.

मल्लव्वा त्याच पहाटे गेली. मागच्या वस्तीवरचा टेम्पो येईपर्यंत उशीर झाला होता.

धोंडिराम भेटायला गेला. सिद्धाराम अंगणात बसून होता. "अव्वा ऐकली न्हाय मिस्त्री. तूच स्क्रू बघ, पंप मी दाबते म्हनली. दम लागलेला असताना! चारदा दाबायची, थांबायची, श्वास वढायची. पुन्ना चारदा. बुडबुडं काय थांबंनात." मग त्यानेच धोंडिरामच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी कशाला तोंड पाडताय? तुमी तर वॉशर नवीन टाकलावता की."

धोंडिराम तेव्हा बोलला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. तो मान खाली घालून चहा प्याला आणि घरी आला. त्या चहाची त्याला फार लाज वाटते, अजून वाटते.

महिन्याने सिद्धारामनेच निरोप धाडला, दारात ती जीप बघवत नाही, घेऊन जा आणि कुणाला तरी विका. धोंडिराम निघाला. तारीख अठ्ठावीस डिसेंबर, वार शनिवार, अमावस्या दोन दिवसांवर. संध्याकाळच्या एसटीने गेला. जाताना आठवणीने शुक्रवार पेठेतून दोन नवे वॉशर घेतले, कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवले. गॅरेजला आणून गुपचूप बदलायचे, म्हणजे विकत घेणारा तरी फसणार नाही, एवढाच विचार. सिद्धारामने जेवल्याशिवाय सोडलं नाही. दोघांनी मिळून हवा काढली, जीप लागली, आणि सव्वाअकराला धोंडिराम गावाबाहेर पडला.

गावापासून हायवेपर्यंत पाच किलोमीटरचा आतला रस्ता. दोन्ही बाजूंनी ज्वारी, मध्ये एक ओढा. ओढ्याच्या चढाला इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. मोबाईलमध्ये अकरा चाळीस झाले होते.

त्याने चाकाला दगड लावला, बॉनेट उघडलं. थंडी होती. वारा नव्हता. ज्वारीचं पानसुद्धा हलत नव्हतं. त्याने डाव्या हातात मोबाईलची बॅटरी लावून धरली, उजव्या हातात पाना घेतला आणि फिल्टरचा स्क्रू अर्धा आटा सैल केला. बुडबुडे फसफसून वर आले. तो वाकून बघत राहिला. चार वेळा फसफसले, थांबले. पुन्हा चार वेळा.

बरंय, निघतीय हवा, तो मनाशी म्हणाला.

मग त्याच्या ध्यानात आलं.

डाव्या हातात मोबाईल. उजव्या हातात पाना.

मग पंप कोण दाबतंय?

टक... टक... टक... टक.

थांबला.

इंजिनच्या पलीकडून कुणीतरी श्वास ओढला. लांब. शिट्टीसारखा. अर्ध्यातच अडकलेला.

टक... टक... टक... टक.

बॅटरी पलीकडे वळवायची हिंमत होईना. बुडबुडे येतच होते. डिझेल बोटांवरून मनगटावर, मनगटावरून बाहीत. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही. श्वास दर वेळी आखूड होत होता.

"अव्वा..." तो म्हणाला.

पंप थांबला.

"अव्वा, बास करा. तुमाला दम लागतोय..."

काहीच नाही. श्वासही नाही. कुणीतरी ऐकत उभं असावं, तेवढी शांतता.

"वॉशर नवीन न्हवता. जुनाच भाजून लावला. मला घाई व्हती." "आन् त्या राती फोन... मी बघितलावता. नाव बघितलं आन् उचलला न्हाय."

...

...

टक.

एकदाच. स्क्रूमधून स्वच्छ डिझेल आलं. एक बुडबुडा नाही.

त्याने स्क्रू आवळला. बॉनेट कसं पडलं, तो आत कसा बसला, काही आठवत नाही. अर्ध्या सेल्फला जीप लागली. आरसा त्याने हाताने वर फिरवला आणि सोलापूर येईपर्यंत मागे बघितलं नाही.

सकाळी उजेडात, नवे वॉशर घालायला त्याने नळीचा बोल्ट खोलला. आत दोन कोरे करकरीत वॉशर होते. लालसर, चमकणारे. त्याने खिशातली पुडी उघडली. पुडीची गाठ त्यानेच बांधलेली, तशीच होती. आत ते जुने दोन. भाजून काळे पडलेले.

आप्पा थांबले.

"मग त्यांनी सिद्धारामला सांगितलं का?" ऋतुजाने हळूच विचारलं.

"न्हाय."

"का?"

"जीपमदी नवीन वॉशर. सिद्धाराम कुनाकडूनबी खोलून बघू दे, नवीनच निघनार. त्यो खोटं बोलला ते म्हातारीनं खरं करून ठिवलं. आता त्याला पकडनारं कोन न्हाय." आप्पांनी डोळे पुसले, लपवलं नाही. "त्येच जाळतंय त्याला. रोज म्हनतो, उद्या जातो."

त्यांनी बाकाच्या खणातून एक पुडी काढून बाकावर उघडली. दोन काळे वॉशर. दोन्हींच्या कडेवर पक्कडीच्या दातांचे व्रण होते, आणि दोन्हींवर मध्ये एका दाताची जागा कोरी. पृथ्वीराज उठला. भिंतीवरच्या खिळ्याला आप्पांची पक्कड टांगलेली होती. ती त्याने उजेडात धरली. जबड्यातला एक दात तुटलेला होता.

"आप्पा," ऋतुजा म्हणाली, "तुमचं नाव काय हो?"

आप्पा पुडीकडे बघत राहिले.

"रोज रातीला पुसून कोरडे करून ठिवतो," ते म्हणाले. "वर्स झालं."

ऋतुजाने वॉशर बोटाने जरा सरकवले. खाली कागद ओला होता. तिने बोट नाकाशी नेलं. ताज्या डिझेलचा वास येत होता.